राहून गेलेले निरोप

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित पाठ)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मी कार्यवाहांना विचारला होता. मी लेखिका नाही, प्राध्यापिकाही नाही. माझे यजमान भारत सरकारच्या परराष्ट्र खात्यात होते. तेही राजदूत म्हणून नव्हे, तर दूतावासाच्या कचेरीत बसून कागदपत्रे सांभाळणाऱ्यांपैकी एक म्हणून. त्यांच्यामागून मी नैरोबी, जकार्ता आणि मॉस्को अशा तीन ठिकाणी संसार मांडला आणि तीनदा आवरला. निवृत्तीनंतर मुलाच्या कारखान्यातील नोकरीमुळे आम्ही सिल्वासाला स्थायिक झालो. कार्यवाह म्हणाले, "काकू, तिकडच्या समारंभांचे, मेजवान्यांचे सांगा. सभासदांना आवडेल." मी म्हटले, मेजवान्यांविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे. मेजवानी संपल्यावर, सामानाच्या पेट्या भरून झाल्यावर जे उरते त्याविषयी बोलू का? त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, म्हणून आज हा विषय.

परराष्ट्र खात्यातील कुटुंबाचे आयुष्य साधारण तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत कापलेले असते. बदलीचा हुकूम आला की काही आठवड्यांत घर रिकामे करायचे, भांडीकुंडी गुंडाळायची, मुलांचे शाळेचे दाखले घ्यायचे आणि निघायचे. निघण्यापूर्वी कचेरीत निरोपसमारंभ होतो. भाषणे होतात, एखादी चांदीची तबकडी मिळते, छायाचित्र काढले जाते. या समारंभाला कोणी नावे ठेवू नयेत. तो शिष्टाचार आहे आणि शिष्टाचारालाही अर्थ असतो. परंतु ज्या माणसांमुळे ते परके शहर तीन वर्षे आपले झालेले असते, ती माणसे बहुधा त्या छायाचित्रात नसतात. ताप भरलेल्या मुलाजवळ रात्र काढणारी शेजारीण, भाजीवाला, मुलीच्या वर्गातली जिवलग मैत्रीण यांचा निरोप सरकारी कार्यक्रमात बसत नाही. तो आपला आपणच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तो राहून जातो.

राजनैतिक संबंधांविषयी १९६१ साली व्हिएन्ना येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या ४४व्या कलमात असे आहे की, दोन देशांत युद्ध पेटले तरी यजमान देशाने परक्या वकिलातीतील माणसांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शक्य तितक्या लवकर देशाबाहेर जाण्यासाठी सोय करून दिली पाहिजे. कलम शहाणपणाचे आहे. त्याने पुष्कळांचे प्राण वाचले असतील. पण जाण्याची सोय कायद्याने करता येते, निरोपाची करता येत नाही.

आपल्या भाषेत निरोपाला केवढा मान आहे पाहा. घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हातावर दही घालतात, सासुरवाशिणीची ओटी भरतात, पाहुण्याला फाटकापर्यंत, पूर्वी वेशीपर्यंत, पोचवायला जातात. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात तपोवन सोडून निघालेल्या शकुंतलेला पोचवायला सारा आश्रम जलाशयाच्या काठापर्यंत येतो; स्नेह्याला पाण्यापर्यंत सोबत करावी आणि तेथून परतावे, हा जुना संकेत. तिथे अनसूया आणि प्रियंवदा या सख्यांना मिठी मारून शकुंतला निरोप घेते. त्यांना पुढे सोबत का येता येणार नाही, हे कण्व तिला सांगतात. विरक्त ऋषीचा कंठ दाटून येतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. निरोप नीट घेणे म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठच आहे. शकुंतलेच्या कथेत पुढे जे जे चुकले, ते ते चुकले. पण हा निरोप चुकला नाही.

हा मान आपल्याच भाषेत आहे असे मला पूर्वी वाटे. नैरोबीला गेल्यावर कळले की तसे नाही. स्वाहिलीत निरोप घेताना 'क्वाहेरी' म्हणतात. त्यातील 'हेरी' म्हणजे अरबी भाषेतून आलेली, आपल्याही ओळखीची 'खैर'. 'खैर असो' एवढाच त्याचा अर्थ. इंडोनेशियात तर दोघांचे दोन वेगळे शब्द. जाणारा म्हणतो, 'सलामत तिंगाल', म्हणजे 'तुमचे राहणे सुखाचे होवो'. राहणारा म्हणतो, 'सलामत जालान', 'तुमची वाट सुखाची होवो'. हा 'सलामत' आपलाच. रशियन लोक नेहमीच्या निरोपाला 'पुन्हा भेटेपर्यंत' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आणि कायमच्या निरोपाचा त्यांचा जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'क्षमा कर' असा आहे. तिन्ही देशांत मी हे शब्द शिकले. ते वेळेवर उच्चारले का, हा प्रश्न वेगळा आणि त्याच्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी आपल्याच दोन माणसांची आठवण करते.

पहिले आप्पासाहेब पंत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे हे चिरंजीव. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली औंधने प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्या प्रयोगात वाढलेला हा तरुण १९४८ साली पूर्व आफ्रिकेतील भारताचा आयुक्त म्हणून नैरोबीस गेला. पत्नी नलिनीदेवी शल्यविशारद डॉक्टर. या दांपत्याने आफ्रिकी माणसांसाठी आपले दार उघडे ठेवले. त्यांच्या तरुणांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून आप्पासाहेबांनी खटपट केली. जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. ब्रिटिश वसाहत सरकारला हा जिव्हाळा खपण्यासारखा नव्हता. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारून केन्याटांना अटक झाली आणि एप्रिल १९५३ मध्ये सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९५४ साली आप्पासाहेबांनी नैरोबी सोडले, तेव्हा हा मित्र दूर उत्तरेच्या वाळवंटी प्रदेशातील तुरुंगात होता. कचेरीतील समारंभ कितीही थाटाचा झाला असला, तरी ज्याला पोचवायला यायचे तो येऊ शकत नव्हता. पुढे आप्पासाहेब सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली असे देशोदेशी गेले. केन्याटा १९६१ साली सुटले आणि स्वतंत्र केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. २२ ऑगस्ट १९७८ रोजी ते वारले, तेव्हा आम्ही नैरोबीत होतो. आमची शेजारीण किकुयू जमातीची होती, रुग्णालयात परिचारिका. त्या सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन नुसती बसली. मी चहा ठेवला. दोघींना बोलण्यासारखे काही सुचेना. वर्षभराने आम्ही निघालो तेव्हा तिने घायपाताच्या दोऱ्याची विणलेली 'कियोंडो' पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि 'क्वाहेरी' म्हटले. तो एक निरोप माझ्याकडून नीट झाला, असे आजही वाटते. भाजी आणायला मी अजून तीच पिशवी नेते.

दुसरे नाव रवींद्र म्हात्रे. पुण्यातील मुठा नदीवरच्या म्हात्रे पुलावरून आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. हा पूल ज्यांच्या नावाचा, ते बर्मिंगहॅम येथील भारतीय कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते घरी निघाले होते. बसमधून उतरल्यावर काश्मीरच्या नावाने चळवळ करणाऱ्या एका सशस्त्र गटाने त्यांचे अपहरण केले आणि दोन-तीन दिवसांतच त्यांचा मृतदेह सापडला. आम्ही तेव्हा जकार्त्यात होतो. बातमी आली त्या संध्याकाळी दूतावासातील आम्ही बायका एका घरी जमलो. कोणी काही ठरवले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान कचेरीला निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले, आणि पाहते तो शेजारच्या वहिनीही आपल्या फाटकाशी उभ्या होत्या.

आता आमच्या सिल्वासाविषयी. तुम्ही म्हणाल, वापीपासून जेमतेम १८ किलोमीटरवरच्या, दमणगंगेच्या काठच्या या गावाचा परराष्ट्र खात्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. १८८५ साली पोर्तुगीजांनी नगर हवेलीचे ठाणे सिल्वासाला हलवले तेव्हा गावाला नवे नाव दिले, 'व्हिला द पासो द आर्कोस'. पासो द आर्कोस हे लिस्बनजवळचे, तेजो नदीच्या मुखाशी वसलेले गाव. वारली पाड्यांच्या मुलखात येऊन पडलेल्या कोणा अधिकाऱ्याला आपल्या घराजवळच्या गावाचे नाव इथे द्यावेसे वाटले असेल, तर त्याचे मन मला समजू शकते. आम्हीही मॉस्कोतल्या स्वयंपाकघराला 'माजघर' म्हणत असू.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगाल बोलणीच करीना, म्हणून जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही उतरले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये दिल्लीतील पोर्तुगीज वकिलातही बंद झाली. दमणहून दादरा-नगर हवेलीत येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क पोर्तुगालला आहे की नाही, हा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले ते डिसेंबर १९७४ मध्ये. मधल्या काळात, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण, दीव मुक्त झाल्यावर, पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीयांना स्थानबद्ध केले आणि नंतर देशाबाहेर काढले. सिल्वासा मुक्त झाले याचा आनंद निर्विवाद आहे. मी तिथे राहते, म्हणून तो माझाही आहे. इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्या तारखा असतात. या प्रत्येक तारखेला कोणाच्या तरी घरी पेट्या भरल्या गेल्या, आणि कोणते तरी दोन मित्र एकमेकांना न भेटताच दूर झाले. एवढे मात्र त्या पुस्तकात नसते.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. पेशावरच्या शाळेवर डिसेंबर २०१४ मध्ये झालेल्या भीषण हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि जुलै २०१६ मध्ये भारत सरकारने इस्लामाबादेतील आपल्या कर्मचाऱ्यांना मुले तिथल्या शाळांतून काढून घ्यायला सांगितले. निर्णय काळजीपोटी होता आणि बरोबरही असेल. पण बातमी वाचताना माझ्या मनात आले की त्या मुलांच्या बाकांवर शेजारी बसणारे कोण असतील, आणि त्यांना काय सांगितले गेले असेल?

हा प्रश्न माझ्या मनात का आला, ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

जकार्त्यात आमच्या मुलीला, ती दहा वर्षांची असल्यापासून, शेजारच्या घरातली एक जावानी मैत्रीण मिळाली होती. दोघींची शाळा एक, वर्ग एक. कुंपणाच्या एका फटीतून दोन्ही घरांत येणे-जाणे चाले. ती मैत्रीण आमच्याकडे वरणभात खाई, आमची मुलगी तिच्याकडे 'तेम्पे' खाई. १९८५ च्या मे महिन्यात आमच्या बदलीचा हुकूम आला. मुलीची परीक्षा तोंडावर होती. मी यजमानांना म्हटले, तिला इतक्यात सांगायला नको, रडून रडून अभ्यास बुडवील. परीक्षा झाली. मग वाटले, आणखी चार दिवस आनंदात जाऊ देत. सामान बांधायला आले, तेव्हा ते रंगकामासाठी आवरतो आहोत असे मी तिला सांगितले. खोटे बोलले, असेच म्हणायला हवे.

त्या वर्षी ईद जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती. इंडोनेशियात ईदेला 'लेबारान' म्हणतात आणि आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तसे सारे जकार्ता आपापल्या गावी जाते. मैत्रीणही आईवडिलांबरोबर योग्यकर्त्याला आजीकडे गेली. जाताना कुंपणापाशी येऊन आमच्या मुलीला एक गोष्टींचे पुस्तक देऊन गेली. आल्यावर परत घेईन म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला खरे सांगितले. निघायला चार दिवस उरले होते.

ती रडली नाही. पुस्तक घेऊन कुंपणापाशी जाऊन बसली. मी समजूत घातली, "पत्र लिही हं." दिल्लीला पोचल्यावर तिने दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. पत्रे पोचली नसतील, किंवा त्या कुटुंबाने घर बदलले असेल. काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही. सुट्टी संपवून परतलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलीने आमच्या घराला कुलूप पाहिले असेल, एवढेच मला ठाऊक आहे. जाणाऱ्याचा शब्द राहिला आणि राहणाऱ्याचाही राहिला.

पुढच्याच वर्षी आम्ही मॉस्कोला गेलो. तिथे तीन वर्षांत आमच्या मुलीने एकही मैत्रीण केली नाही. वर्गात हुशार, सर्वांशी गोड. पण घरी कोणाला आणायची नाही, कोणाकडे जायची नाही. मी तिला 'समंजस झाली' म्हणत असे. ती चाळिशीला आली तेव्हा एकदा सिल्वासाच्या घरी, भाजी निवडताना, सहज म्हणाली, "आई, तू मला रडू दिलं नाहीस. मग मी पुढे रडायला लागेल असं काही केलंच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पुढे माझ्या वाचनात आले की या दुखण्याचा अभ्यासही झालेला आहे. १९५० च्या दशकात रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई भारतात आल्या होत्या. आईवडिलांच्या नोकरीमुळे परदेशांत वाढणाऱ्या मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' हे नाव त्यांनी दिले. १९९९ साली डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकेन यांनी अशा मुलांवर ग्रंथ लिहिला. गाव सोडताना चार गोष्टी कराव्यात असे पोलॉक यांचे सांगणे: भांडणे मिटवावीत, ज्यांनी प्रेम दिले त्यांना तसे बोलून दाखवावे, माणसांचा, जागांचा, आवडत्या वस्तूंचासुद्धा निरोप घ्यावा, आणि मगच पुढच्या गावाचा विचार करावा. इंग्रजीत या चार गोष्टींच्या आद्याक्षरांतून 'तराफा' या अर्थाचा शब्द होतो. पलीकडच्या काठाला लागायचे तर चारही ओंडके हवेत. हे वाचले तेव्हा मला मॉस्को सोडतानाची सकाळ आठवली. कचेरीत काम करणाऱ्या एक वयस्क रशियन बाई आम्हाला पोचवायला आल्या होत्या. मोटार खाली उभी होती, यजमान घाई करीत होते. त्या बाईंनी सर्वांना बांधलेल्या पेट्यांवर बसायला लावले. प्रवासाला निघण्यापूर्वी मिनिटभर गप्प बसायचे, ही त्यांची रीत. आम्ही बसलो. त्या एका मिनिटात माझी सतरा वर्षांची मुलगी हमसून हमसून रडली. मॉस्कोसाठी ती रडत नव्हती, हे मला तेव्हा कळले नाही.

आज सिल्वासाला मी जाणाऱ्यांतली राहिले नाही, राहणाऱ्यांतली झाले आहे. करसवलतींमुळे तिथे कारखाने आले, सूत आणि प्लास्टिकचे उद्योग वाढले, आणि माणसे देशभरातून आली. २०२० साली हा प्रदेश दमण आणि दीवला जोडला गेला, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतही अदलाबदल झाली. आमच्या इमारतीत कोल्हापूरचे, सौराष्ट्रातले, बिहारमधले असे बिऱ्हाडकरू आहेत. तीन-चार वर्षांनी बदली होते आणि दारावरची पाटी बदलते. वकिलातीत नसूनही त्यांचे आयुष्य आमच्यासारखेच आहे. मागे एक आई मला म्हणाली, "आजी, याच्या बाबांची बदली झाली आहे, पण परीक्षा होईपर्यंत याला सांगणार नाही." मी तिला जकार्त्याची हकिकत सांगितली. तिने त्याच रात्री मुलाला सांगितले. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही, गणिताचा पेपर वाईट गेला आणि त्याची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. त्यात तिची चूक नव्हती. नंतर मुलाने खालच्या मजल्यावरच्या मित्राशी जुने भांडण मिटवले, त्याची बॅट परत केली, आणि निघण्याच्या दिवशी सारी पोरे टेम्पोमागे चौकापर्यंत धावत गेली. तो रडत होता. मी गच्चीतून पाहत होते आणि मला बरे वाटत होते.

सभासदहो, ते गोष्टींचे पुस्तक अजून माझ्या मुलीजवळ आहे. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर चाळीस वर्षे होत आली तरी थकीत आहे. आपल्या या ग्रंथालयाने शंभर वर्षांत असंख्य पुस्तके बाहेर दिली. पुष्कळ परत आली, काही आली नाहीत. परत न आलेल्या पुस्तकांची नोंद कार्यवाह खोडून टाकत नाहीत, असे मी मघाशी कपाटाजवळ पाहिले. वहीत ती तशीच असतात, नावासकट. मला ते फार आवडले. राहून गेलेले निरोपही मनाच्या वहीत असेच नावासकट ठेवावेत. आणि जे अजून घेता येण्यासारखे आहेत, ते मात्र परीक्षेचे किंवा घाईचे निमित्त न करता घ्यावेत. मुलांना रडू द्यावे. पाणवठ्यापर्यंत जावे, मग परतावे.

  बाहेर सिल्वासाची गाडी उभी आहे, म्हणून थांबते.

येते.